विश्लेषण : ‘संत तुकाराम’ घडवणारे विष्णुपंत दामले कोण होते? नव्वदीला टेकलेला त्यांचा चित्रपट आज का पाहावा?

नाव सगळ्यांना ठाऊक, पण पूर्ण पाहिलेला कुणीच सापडत नाही, असे काही चित्रपट असतात. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ त्यांपैकीच एक. आषाढात तुकोबांची पालखी बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात येते. सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी हा तिचा रस्ता. वरकुट्यासारख्या तालुक्यातल्या गावांमधली माणसे भाकरीची टोपली घेऊन रस्त्याला येतात. याच तुकोबांवर ८९ वर्षांपूर्वी पुण्यात चित्रपट तयार झाला, तो इटलीतल्या व्हेनिसपर्यंत पोहोचला आणि तिथे गौरवला गेला. तो घडवणाऱ्या विष्णुपंत दामल्यांची ही ओळख. ती वाचून चित्रपट पाहावासा वाटला, तर पुढे काय पाहावे याची छोटी यादीही शेवटी दिली आहे.

दामले चित्रपटात कसे आले?

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी पेण येथे झाला. ओढा चित्रकलेकडे होता आणि त्या ओढीनेच ते कोल्हापूरला आले. आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे दोघे मामे-आतेभाऊ तिथे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. चित्रकला, शिल्प, सुतारकाम, यंत्रांची जुळवाजुळव असे सगळेच त्यांच्या हातात होते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि या मंडळींनाही पडद्यावरची चित्रे हलवण्याचे वेड लागले.

परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा तो आपणच बनवायचा असे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव वारले आणि काम अर्धवट राहिले. बाबुरावांनी ते पूर्ण केले. या खटपटीत त्यांच्या जोडीला होते दामले. कॅमेऱ्याच्या आत फिल्म कशी सरकते, प्रकाश किती वेळ आत जातो, रसायनात ती किती वेळ बुडवायची, हे ज्ञान त्यांना पुस्तकाआधी हाताने मिळाले. पुढे ध्वनिमुद्रणाचे यंत्र समोर आले, तेव्हा हीच सवय कामी आली.

बाबुरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामल्यांना आयुष्यभराचा जोडीदार मिळाला. कागलचे शेख फत्तेलाल, सगळ्यांचे ‘साहेबमामा’. दोघांचे जन्मसाल एकच आणि चित्रकलेचे वेडही एकच. या दोघांनी १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला. त्यानंतर दामले-फत्तेलाल हे एकच नाव असल्यासारखे उच्चारले जाऊ लागले. वारकऱ्यांच्या सर्वात लाडक्या संतावरचा सर्वात लाडका चित्रपट एका ब्राह्मणाने आणि एका मुसलमानाने मिळून केला, हे आज आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

‘प्रभात’मध्ये त्यांचे काम काय होते?

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच : व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, कॅमेरामन केशवराव धायबर आणि आर्थिक बाजू उचलणारे सीतारामपंत कुलकर्णी. शांताराम दिग्दर्शन करत, फत्तेलाल नेपथ्य आणि कला पाहत. तांत्रिक बाजूचा मोठा भार दामल्यांवर होता.

दोनच वर्षांत मोठा पेच आला. १९३१ च्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपटांचे दिवस भरले. ‘प्रभात’ला बोलपट करणे भाग होते, पण आवाज कसा टिपायचा याचा अनुभव कंपनीत कुणालाच नव्हता. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामल्यांनी घेतली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, तेव्हा पडद्यावरचे दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे यांचे शब्द प्रेक्षकांपर्यंत पोहोचले ते दामल्यांच्या कानातून गाळून.

१९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. पाठोपाठ ‘अमृतमंथन’, ‘धर्मात्मा’ हे शांतारामांचे चित्रपट आले. ‘धर्मात्मा’ संत एकनाथांवर होता आणि त्यात साक्षात बालगंधर्व होते. तरीही अपेक्षेइतके यश मिळाले नाही. एवढा मोठा नट घेऊनही संतपट चालला नाही, तर पुन्हा संतपट कशाला, असा प्रश्न तेव्हा कुणालाही पडला असता. अशा वेळी दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांचा विषय हाती घेतला.

‘संत तुकाराम’मध्ये वेगळे काय होते?

पहिली गोष्ट निवडीची. तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस आले. रंगभूमीवर त्यांनी स्त्रीभूमिका केल्या होत्या आणि ते भजन उत्तम गात. संत म्हटले की आवाज चढवायचा, हात उंचावायचे, ही नाटकी रीत त्यांच्यात नाही. ते हळू बोलतात, बहुधा स्वतःशीच. आवलीसाठी गौरी. अभिनयाच्या शाळेत न शिकलेली ही नटी ‘प्रभात’मध्ये छोट्या कामांपासून वर आलेली. तिची चाल, कंबरेला खोचलेला पदर, म्हशीवर ओरडणे, यातले काहीही शिकवलेले वाटत नाही.

दुसरी गोष्ट आवलीच्या जागेची. शिवराम वाशीकरांच्या पटकथेत ती केवळ कजाग बायको राहत नाही. नवरा विठ्ठलाच्या नामात आहे आणि घरात दाणा नाही, तेव्हा पोरांच्या तोंडात काय घालायचे हा तिचा प्रश्न आहे. मूल आजारी पडते, तेव्हा ती त्याला घेऊन देवळात जाते आणि विठ्ठलासमोर वहाण उगारते. हा प्रसंग पाहताना प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी त्याच्या पोटात कालवते. चित्रपट तिला चूक ठरवत नाही. शिवाजीराजांकडून नजराणा येतो, दागिने-कपड्यांनी पोरे हरखून जातात आणि तुकोबा सगळे परत पाठवतात, तेव्हाही कॅमेरा आवलीच्या आणि मुलांच्या चेहऱ्यांना तितकाच वेळ देतो.

तिसरी गोष्ट आवाजाची, म्हणजे दामल्यांच्या खास प्रांताची. केशवराव भोळे यांचे संगीत मैफलीचे नाही. अभंग चालण्याच्या, राबण्याच्या लयीत येतात. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी बीज आणि झाड यांच्यावर लिहिलेले गाणे इतके तुकोबांच्या वळणाचे झाले की पुढे कित्येकांनी ते गाथेतलेच समजले.

चौथी गोष्ट चमत्कारांची. गाथा इंद्रायणीत बुडवली जाते आणि वर येते. राजांचा जीव वाचवण्यासाठी एकाचे अनेक शिवाजी दिसू लागतात. शेवटी वैकुंठाला नेणारे विमान उतरते. ही सारी पडद्यावरची किमया कोल्हापुरात कॅमेरा घडवण्यापासून सुरुवात केलेल्या माणसांनी स्टुडिओतच साधली. आजच्या डोळ्यांना ती साधी दिसेल. तरी ती टिकते, कारण तिच्या आजूबाजूचे सगळे खरे आहे. शेवटच्या प्रसंगात तुकोबा निघालेले असतात आणि आवलीचे मन चुलीत आणि पोरांत अडकलेले असते. वर विमान आणि खाली चूल, दोन्ही एकाच चित्रपटात बसवणे भल्याभल्यांना जमलेले नाही.

व्हेनिसमध्ये काय घडले?

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात चित्रपट लागला आणि तिथे वर्षाहून अधिक काळ चालला. पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या पाचव्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला. आंतरराष्ट्रीय महोत्सवात गौरवल्या गेलेल्या सुरुवातीच्या भारतीय चित्रपटांपैकी एक म्हणून त्याची नोंद होते. त्याच महोत्सवात फ्रान्सच्या ज्याँ रेन्वार यांचा ‘ला ग्रांद इल्युजाँ’ही होता. जगभरचे जाणकार आजही तो सर्वश्रेष्ठ चित्रपटांत मोजतात. पुण्यातल्या स्टुडिओत बनलेला, देहूच्या वाण्याची गोष्ट सांगणारा मराठी चित्रपट त्याच्या पंगतीला बसला होता, यावरून त्या यशाचा अंदाज यावा.

या गौरवाचे मानचिन्ह पुढे हरवले. अनेक दशके ते कुठे आहे हे संस्थांना माहीत नव्हते. केरळमध्ये सापडलेले ते मानचिन्ह अखेर २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आले.

त्यानंतर दामल्यांनी काय केले?

‘गोपाळकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) पुन्हा फत्तेलाल यांच्यासह. ‘संत सखू’ (१९४१) या दोघांनी राजा नेने यांना सोबत घेऊन केला. दरम्यान ‘प्रभात’चे घर विस्कटू लागले. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल सुरू केले. १९४३ मध्ये पागनीस गेले. ५ जुलै १९४५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, दामल्यांचे निधन झाले. फत्तेलाल १९६४ पर्यंत होते, पण जोडीची ती जादू पुन्हा दिसली नाही. पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली. १९६० मध्ये त्याच जागेत चित्रपट शिक्षणाची राष्ट्रीय संस्था, आजची एफटीआयआय, उभी राहिली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले.

मग त्यांचे नाव मागे का पडले?

शांताराम पुढेही चार दशके चित्रपट काढत राहिले, त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्यामुळे ‘प्रभात’ म्हटले की त्यांचाच चेहरा आठवतो. दामल्यांना तेवढे आयुष्य मिळाले नाही. त्यांचे काम ध्वनी, यंत्र, प्रयोगशाळा अशा पडद्यामागच्या गोष्टींत होते आणि दिग्दर्शनातही ते नजरेत भरेल असे काही करत नाहीत. कॅमेरा उगाच हलत नाही, प्रसंग ओरडत नाही. चांगल्या सुताराच्या सांध्यासारखे ते दिसतच नाही आणि जे दिसत नाही ते विसरले जाते.

दुसरे कारण प्रतींचे. जुनी फिल्म नायट्रेटची असे आणि ती चटकन पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या भारतीय चित्रपटांचा मोठा ठेवा जळाला. बाबुराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ तर आज पाहायलाच मिळत नाही. शेतकऱ्याच्या कर्जाची ती गोष्ट आज किती जवळची वाटली असती, हे केवळ कल्पनेनेच ताडायचे. ‘संत तुकाराम’ वाचला आहे. वाचलेला चित्रपट कुणी पाहिलाच नाही, तर तो असून नसल्यासारखाच.

कसा पाहावा आणि पुढे काय पाहावे?

भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षे असतो. ‘संत तुकाराम’ची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे तो यूट्यूबवर मोबाइलवरही पाहता येतो. एकापेक्षा जास्त प्रती दिसल्या, तर लांबी तपासून जवळपास दोन तास दहा मिनिटांची प्रत निवडावी. कापलेल्या प्रतींत आवलीचेच प्रसंग गेले, तर चित्रपटाचा अर्धा जीव जातो. आवाज जुना आहे म्हणून हेडफोन लावावेत. पहिली दहा मिनिटे गती संथ वाटेल, तेवढा धीर धरावा. घरात वारी केलेले कुणी वडीलधारे असतील तर त्यांच्यासोबत, शक्यतो टीव्हीवर, पाहावा. अभंग कुठला आणि प्रसंग कुठला हे तेच सांगतील.

तो आवडला, तर हे चार पाहावेत :

‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) : दामले-फत्तेलाल यांचाच. वाळीत टाकलेल्या भावंडांचे दुःख आधी येते, चमत्कार नंतर.

‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) : डेन्मार्कचे कार्ल ड्रायर यांचा फ्रान्समध्ये केलेला मूकपट. धर्मपंडितांसमोर एकटी उभी असलेली मुलगी आणि जवळून दिसणारे चेहरे. रामेश्वरशास्त्र्यांसमोरचे तुकोबा आठवतील. याचीही मूळ फिल्म आगीत गेली होती. १९८१ मध्ये नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयात जुनी प्रत सापडली, म्हणून आज तो पाहता येतो.

‘ला ग्रांद इल्युजाँ’ (१९३७) : व्हेनिसमधला तुकोबांचा सोबती. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच कैदी आणि त्यांना कैदेत ठेवणारा जर्मन अधिकारी. युद्धपट असून लढाई जवळपास नाही, माणसेच आहेत.

‘द फ्लॉवर्स ऑफ सेंट फ्रान्सिस’ (१९५०) : इटलीचे रोबेर्तो रोसेलिनी यांनी खऱ्या संन्याशांना घेऊन केलेला संतपट. पावसात भिजणारे, हसणारे, चुकणारे साधू. पागनीस-गौरी ज्यांना भावले, त्यांना हा परका वाटणार नाही.

परदेशी चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षके असतात. ती वाचण्याची सवय दुसऱ्या चित्रपटापर्यंत लागते. मूकपटाला तर भाषेचीही फारशी अडचण नाही.