सिस्टर डॉक्टर मेरी ग्लाउरी

ह्या ज्युबिली-स्मरणिकेत एका दूरदेशीच्या धर्मभगिनीचे चरित्र आम्ही सहेतुक देत आहोत. आपल्या वसईच्या गावोगावी पूर्वी बाळंतपणे सुइणीच्याच हातून होत. मूल आडवे आले म्हणजे घरावर कोणता प्रसंग ओढवे, हे वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको.

मेरी ग्लाउरी ह्यांचा जन्म 1887 साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांती झाला. 1910 साली मेलबर्न विद्यापीठाची वैद्यकीची पदवी मिळवून त्यांनी तेथे उत्तम जम बसविला. 1915 साली डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन ह्या स्कॉटिश बाईंविषयीची एक लहानशी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. हिंदुस्थानातील पडदानशीन स्त्रिया पुरुष वैद्यास हात लावू देत नाहीत व उपचारावाचून मरतात, हे कळताच त्यांचा निश्चय झाला. प्रसूतिशास्त्रातील उच्च पदवी घेऊन त्या 1920 साली आंध्रातील गुंटूर येथे आल्या व येशू-मरिया-जोसेफ संघात व्रतस्थ झाल्या.

येथे एक अडचण होती. आम्ही धर्मगुरू असलो तरी ती झाकून ठेवीत नाही. व्रतस्थांनी वैद्यकी, त्यातही प्रसूतीचे काम करू नये, असा ख्रिस्तसभेचा जुना निर्बंध होता. पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी सिस्टरांना विशेष परवानगी दिली. सर्व धर्मभगिनींस ती वाट रोमने 1936 साली मोकळी केली. हा विलंब मातांना महाग पडला, असेच आम्हांस वाटते.

परंतु एक डॉक्टर किती दारी पोहोचणार? म्हणून सिस्टरांनी स्थानिक मुलींना व बायकांना औषधे देणे, शुश्रूषा व सुईणकाम शिकविण्यास आरंभ केला. जिची पदवी सर्वांत मोठी, तिनेच बिनपदवीच्या हातांवर भरवसा टाकावा, ह्यात आम्हांस तरी विरोध दिसत नाही. धर्मगुरू जवळ नसता मरणोन्मुख बालकास सुइणीने स्नानसंस्कार द्यावा, असे ख्रिस्तसभा स्वतःच शिकवीत आली आहे. मात्र तो कसा द्यावा हे तिला आधी नीट शिकविलेले असावे लागते. शस्त्राचेही तसेच. एके काळी वसईप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या मोझांबिक देशात 1984 पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण मिळू लागले, व तेथील खेड्यांकडील इस्पितळांत पोट छेदून मूल काढण्याचे बहुतेक काम त्यांच्याच हातून होऊ लागले. सिस्टरांनी सुइणींना एवढे शिकविले नव्हते. पण वाट त्याच दिशेची होती.

1925 साली गुंटूर येथे सेंट जोसेफ इस्पितळ उघडले. 1943 साली सिस्टरांच्या पुढाकाराने कॅथोलिक इस्पितळांचा संघ स्थापन झाला. कॅथोलिक वैद्यकीय महाविद्यालय निघावे, ही त्यांची तळमळ होती. 5 मे 1957 रोजी बंगलोर येथे त्यांना देवाज्ञा झाली. त्याच शहरात सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय 1963 साली उघडले.