विश्लेषण : ३८ फुटांची बोट अन् पावणेदोन क्विंटलचा ट्यूना... समुद्रात जाण्याआधी हेमिंग्वे काय तयारी करायचे?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वणी, मारेगाव, झरी जामणी भागात एकच प्रश्न चर्चेत असतो. पाऊस टिकेल का? बियाणे आज टाकायचे की आणखी चार दिवस थांबायचे, हा हिशेब चुकला की दुबार पेरणी आलीच. आभाळाकडे पाहून पैसा पणाला लावणारी आणखी एक जमात आहे, खोल समुद्रात मासे पकडायला जाणाऱ्यांची. नोबेल विजेते अमेरिकी लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे त्याच जमातीतले. २ जुलै ही त्यांची पुण्यतिथी. पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणलेल्या कादंबरीमुळे हेमिंग्वे आपल्याकडे घरोघरी पोहोचले. पण ही कादंबरी लिहिणारा माणूस स्वतःच्या छोट्या बोटीतून समुद्रात जाताना काय काय तयारी करायचा, ती तयारी कुठे कामी आली आणि कुठे कमी पडली, हे फारसे सांगितले जात नाही.

समुद्राची ओढ कुठून लागली?

हेमिंग्वे यांचा जन्म २१ जुलै १८९९ रोजी अमेरिकेतील शिकागोजवळच्या ओक पार्क या गावी झाला. हा भागही समुद्रापासून दूरच. वडील क्लॅरेन्स डॉक्टर होते. उन्हाळ्यात कुटुंब मिशिगनमधील वलून तलावाकाठच्या घरात राहायला जाई. तिथे वडिलांनी मुलाच्या हाती गळ दिला. म्हणजे सुरुवात गोड्या पाण्यातली.

पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवायला ते इटलीत गेले आणि जुलै १९१८ मध्ये जबर जखमी झाले. पुढे टोरांटो स्टार या वृत्तपत्रासाठी लिहू लागले. डिसेंबर १९२१ मध्ये पत्नीसोबत पॅरिसला जाताना त्यांचे जहाज स्पेनच्या विगो बंदरात काही तास थांबले. तिथल्या खाडीत त्यांनी मोठे ट्यूना पाण्याबाहेर झेप घेताना पाहिले. १९२२ च्या सुरुवातीला त्यांनी त्यावर बातमीवजा लेख लिहिला. तेव्हा वय होते २२. स्वतःचा मोठा ट्यूना काठावर आणायला त्यांना आणखी १३ वर्षे लागली.

ट्यूना पकडणे इतके अवघड का?

ट्यूना म्हणजे कोकणात ज्याला कुपा म्हणतात, त्या माशांचे मोठे कुटुंब. आपल्या किनाऱ्यावर मिळणारे कुपे बहुतेक लहान असतात. अटलांटिक महासागरातील ब्लूफिन ट्यूना मात्र कित्येक क्विंटलचा होऊ शकतो. बहुतेक माशांचे शरीर पाण्याइतकेच थंड असते. ट्यूना आपल्या स्नायूंची उष्णता शरीरात राखून ठेवतो. त्यामुळे थंड पाण्यातही त्याचे स्नायू जोरात काम करतात आणि गळाला लागल्यावर तो सरळ खोल पाण्याकडे धावतो.

दुसरी अडचण वेळेची. हे मासे वर्षभर एका जागी राहत नाहीत. बहामा बेटांजवळून ते वसंत ऋतूच्या शेवटी उत्तरेकडे जातात. ही काही आठवड्यांची संधी हुकली की वर्ष गेले. त्यातही गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह नेमका कुठून वाहतो आहे, वारा त्याच्या दिशेने आहे की उलट, यावर त्या दिवशी बोट बाहेर काढायची की नाही हे ठरते. प्रवाहाच्या विरुद्ध वारा सुटला की लाटा उंच आणि तीव्र चढाच्या होतात. छोट्या बोटीला त्या धोक्याच्या.

बोट कशी निवडली?

१९२८ मध्ये हेमिंग्वे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावरील की वेस्ट या बेटावर आले. १९३२ मध्ये ते जो रसेल या मित्राच्या अनिता नावाच्या बोटीतून सुमारे १७० किलोमीटर समुद्र ओलांडून क्युबातील हवानाला गेले. थोड्या दिवसांसाठी निघालेली ही सहल दोन महिने लांबली. तिथे कार्लोस गुतिएरेझ या अनुभवी क्युबन कोळ्याची साथ लाभली. आमिष किती खोलीवर सोडायचे, कोणता मासा कोणत्या महिन्यात येतो, ही शिकवणी त्याच्याकडून मिळाली.

दुसऱ्याच्या बोटीवर अवलंबून राहिले की मोसम आपल्या हाती राहत नाही. एप्रिल १९३४ मध्ये आफ्रिकेतून परतताच हेमिंग्वे न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या व्हीलर बोट कारखान्यात गेले आणि ३८ फुटांच्या बोटीची मागणी नोंदवली. किंमत ७,४९५ डॉलर. हातात तेवढे पैसे नव्हते. एस्क्वायर मासिकाच्या संपादकांनी पुढच्या लेखांच्या मानधनापोटी तीन हजारांहून अधिक डॉलर आगाऊ दिले. थोडक्यात, लेख गहाण ठेवून बोट घेतली. तिचे नाव ठेवले पिलार.

३८ फूट म्हणजे साधारण आपल्या एसटी बसएवढी लांबी. कारखान्याच्या ठरलेल्या नमुन्यात हेमिंग्वे यांनी मोजके बदल करून घेतले आणि प्रत्येक बदलामागे कारण होते.

दोन इंजिने : मुख्य इंजिन ७५ अश्वशक्तीचे, दुसरे ४० अश्वशक्तीचे, म्हणजे आपल्या शेतातल्या एका मध्यम ट्रॅक्टरएवढे. लहान इंजिनावर आमिष ओढत हळू फिरता येई आणि इंधन वाचे. मोठे इंजिन बंद पडलेच तर घरी परतायला दुसरे होतेच.

मोठी टाकी : सुमारे ३०० गॅलन, म्हणजे साडेअकराशे लिटरच्या आसपास इंधन. भर समुद्रात पेट्रोल पंप नसतो. जाण्याचे, फिरण्याचे, परतण्याचे आणि वाट चुकल्यास लागणारे इंधन निघतानाच सोबत हवे.

मागची कमी उंचीची बाजू : बोटीचा मागचा कठडा सुमारे एक फुटाने खाली घेतला आणि त्यावर लाकडी रूळ बसवला. जड मासा उचलण्याऐवजी रुळावरून आत ओढता यावा, ही त्यामागची कल्पना.

काळा रंग : अशा हौशी बोटी तेव्हा बहुधा पांढऱ्या असत. पिलारला काळा रंग दिला गेला.

नोंदवही कशासाठी?

१९३४ च्या उन्हाळ्यात हेमिंग्वे यांनी फिलाडेल्फियाच्या नैसर्गिक विज्ञान अकादमीतील चार्ल्स कॅडवालाडर आणि हेन्री फाउलर यांना क्युबाच्या मोहिमेत सोबत घेतले. मार्लिन माशांच्या जाती, वाढ आणि स्थलांतर यांबद्दल तेव्हा फार कमी माहिती होती. मोहिमेच्या दिवसांची नोंद ठेवली जाई. आर्नल्ड सॅम्युएलसन हा लेखक होऊ पाहणारा तरुण बोटीचा राखणदार होता. हेमिंग्वे सांगत आणि तो लिहून घेई. पुढे फाउलर यांनी एका माशाच्या शास्त्रीय नावात हेमिंग्वे यांचे नाव गुंफले. गंमत म्हणजे तो मार्लिन किंवा ट्यूना नव्हे, काटेरी गालांचा विंचूमासा आहे.

पहिलीच ट्यूना मोहीम का फसली?

एप्रिल १९३५. बोट सज्ज, इंधन भरलेले, मित्र जॉन डॉस पासोस आणि माइक स्ट्रेटर सोबत. लक्ष्य होते फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटर पूर्वेकडील बिमिनी बेट. वाटेत गळाला शार्क लागला. तो बोटीजवळ ओढून पिस्तुलाने मारायचा, ही तेव्हाची पद्धत. एका हातात आकडीची काठी, दुसऱ्या हातात पिस्तूल. काठी मोडली, गोळी सुटली, कठड्याच्या पितळी पट्टीवर आदळून फुटली आणि तिचे तुकडे हेमिंग्वे यांच्या दोन्ही पायांत घुसले. बोट मागे फिरली. उपचार घेऊन आठवडाभराने ते पुन्हा निघाले.

इंजिन बंद पडले तर काय, याचा विचार झाला होता. घोड्यावर बोट ठेवून माशाशी झटापट करू नये, एवढी साधी गोष्ट मात्र राहून गेली होती.

बिमिनीत शार्कचे कोडे कसे सुटले?

बिमिनीजवळ मोठे ट्यूना गळाला लागत, पण अखंड हाती येत नसत. तासन्तास चाललेल्या झुंजीत मासा थकला की शार्क त्याच्यावर तुटून पडत. काठावर यायचे ते डोके आणि सांगाडा. थकवून थकवून मासा आणायचा, हा नेहमीचा उपायच इथे नुकसानीचा ठरत होता.

हेमिंग्वे यांनी उलटा विचार केला. शार्क पोहोचण्याआधीच मासा बोटीत यायला हवा, तर झुंज छोटी करायला हवी. त्यासाठी भक्कम रॉड, जाड दोर आणि सुरुवातीपासून सतत ताण. माशाला दम घ्यायला उसंत द्यायची नाही. दोर ढिला पडू नये म्हणून चालकाने बोट माशाच्या मागे वळवत राहायची. यात माणसाच्या पाठीचे आणि हातांचे हाल होतात, पण मिनिटे वाचतात. त्याच मोसमात त्यांनी ३८१ पौंडांचा ट्यूना अखंड काठावर आणला. वजन जवळपास १७३ किलो, म्हणजे कापसाच्या भाषेत पावणेदोन क्विंटल. रॉड आणि रीलच्या साह्याने बिमिनीत अखंड आणलेला हा पहिला मोठा ट्यूना मानला जातो.

याच मोसमात एक गोष्ट बिघडलीही. स्ट्रेटर यांच्या गळाला प्रचंड मार्लिन लागला. शार्क जवळ येताच हेमिंग्वे यांनी मशीनगनमधून गोळ्या झाडल्या. शार्क जखमी झाले, पाण्यात रक्त पसरले आणि त्या रक्ताच्या वासाने आणखी शार्क आले. मार्लिनचा मागचा भाग त्यांनी फस्त केला. उरलेलेच ५०० पौंड भरले. स्ट्रेटर यांना आयुष्यातला सर्वांत मोठा मासा मित्राच्या उतावीळपणामुळे गमावल्याची सल राहिली. मैत्रीत अंतर पडले.

१९३५ च्या वादळाने काय शिकवले?

३१ ऑगस्ट १९३५ च्या सायंकाळी वादळाची बातमी आली. हेमिंग्वे यांच्याकडे जुन्या वादळांच्या तारखा आणि मार्ग दाखवणारा नकाशा होता, हवेचा दाब मोजणारे यंत्र होते. वादळ कधी पोहोचेल याचा अंदाज बांधून त्यांनी पिलार नौदलाच्या तळावरील सुरक्षित जागी नेली आणि नव्या जाड दोरखंडाने बांधली. २ सप्टेंबरला वादळ धडकले. की वेस्ट वाचले, पिलारही वाचली.

उत्तरेकडच्या बेटांवर मात्र हाहाकार उडाला. पहिल्या महायुद्धात लढलेले शेकडो माजी सैनिक तिथे सरकारी रस्त्याच्या कामावर होते. राहायला तकलादू निवारे. त्यांना हलवण्यासाठी पाठवलेली रेल्वेगाडी उशिरा निघाली आणि लाटांनी रुळांवरून फेकली गेली. एकूण चारशेहून अधिक माणसे मेली. हेमिंग्वे मदतीसाठी तिथे पोहोचले तेव्हा मृतदेहांचा खच होता. त्यानंतर लिहिलेल्या लेखात त्यांनी थेट जबाबदारीचा प्रश्न विचारला. या मोसमात वादळे येतात हे ठाऊक असताना माणसांना तिथे कोणी आणि का ठेवले? एका बोटमालकाने दोन दिवस आधी केलेली तयारी यंत्रणेला शेवटच्या तासापर्यंत जमली नव्हती.

पुढे पिलारचे काय झाले?

१९३८ पासून कॅनरी बेटांवर जन्मलेले ग्रेगोरिओ फुएन्तेस बोट सांभाळू लागले. १९३९ मध्ये मायकेल लर्नर यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय क्रीडा मासेमारी संघटना स्थापन झाली. हेमिंग्वे तिचे उपाध्यक्ष झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी पिलारवर शस्त्रे चढवून क्युबाजवळ जर्मन पाणबुड्यांसाठी गस्त घातली. एकही पाणबुडी बुडाली नाही. युद्धाच्या नावाखाली मासेमारीच चालली, अशी टीकाही झाली.

'द ओल्ड मॅन अँड द सी' १९५२ मध्ये आली. किनाऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर मासा शार्कनी फस्त करणे, हा तिचा गाभा. कार्लोसने सांगितलेली एका म्हाताऱ्या कोळ्याची अशीच हकिगत हेमिंग्वे यांनी १९३६ मध्येच एका लेखात नोंदवली होती. लाइफ मासिकाने कादंबरी एका अंकात छापली आणि दोन दिवसांत ५० लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९५३ मध्ये पुलित्झर, १९५४ मध्ये नोबेल मिळाले. मात्र त्याच वर्षी आफ्रिकेत लागोपाठ दोन विमान अपघातांत ते गंभीर जखमी झाले आणि प्रकृती पूर्ववत झाली नाही.

जुलै १९६० मध्ये त्यांनी क्युबा सोडले. नैराश्याने घेरलेल्या हेमिंग्वे यांनी २ जुलै १९६१ रोजी आयडाहोतील घरी आयुष्य संपवले. त्यांच्या वडिलांचा अंतही १९२८ मध्ये असाच झाला होता. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. आपल्याकडे १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मोफत मदत मिळते.

आज काय बदलले?

फुएन्तेस २००२ मध्ये १०४ व्या वर्षी वारले. पिलार आज हवानाजवळील हेमिंग्वे यांच्या जुन्या घराच्या आवारात जमिनीवर उभी आहे. बेसुमार मासेमारीमुळे अटलांटिक ब्लूफिन धोक्याच्या यादीत गेला होता. पकडण्यावर मर्यादा घातल्यानंतर २०२१ मध्ये जागतिक यादीत त्याची स्थिती सुधारल्याची नोंद झाली, पण अमेरिकेच्या बाजूचा साठा तेव्हाही खालावलेलाच होता.

आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना आता हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाच्या आधारे मासे कुठे मिळू शकतील आणि समुद्र किती खवळलेला असेल, याची सूचना देते. जुन्या नकाशाची जागा मोबाइलने घेतली. वणीपासून मुंबईचा समुद्र सहाशे किलोमीटरहून दूर असला, तरी इथला शेतकरीही पेरणीआधी त्याच मोबाइलवर हवामानाचा अंदाज उघडून बघतो. अंदाज वेळेत पोहोचणे आणि त्यावर वेळेत हालचाल होणे यांत किती अंतर असते, ते १९३५ च्या त्या उशिरा निघालेल्या गाडीने दाखवले आहे.