माळावरचा कारखाना

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक आहे. स्थानकाशेजारीच कारखाना, कामगारांची घरे आणि डेरेदार झाडे दिसतात. १९१० साली यांपैकी काहीच नव्हते. त्या वेळी स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते. आजूबाजूला पसरला होता तो खडकाळ, उजाड माळ. त्यावर निवडुंगाची दाट बने माजली होती आणि त्यांत सापांनी वस्ती केली होती. पाण्याचे दुर्भिक्ष तर पाचवीलाच पुजलेले. अशा त्या माळावर एक गृहस्थ आपली यंत्रे, आपली माणसे आणि आपला प्रपंच घेऊन उतरला. त्या गृहस्थाचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी पंडित होते. घरात पोथ्यापुराणांचे वातावरण होते. परंतु लक्ष्मणाचे मन पाठांतरात रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांची मोडतोड व जुळणी करणे, या दोन गोष्टींत त्याला विलक्षण गोडी वाटे. शाळेतील पुस्तकी अभ्यासात मुलाची प्रगती नाही, हे पाहून वडिलांना काळजी वाटली असल्यास नवल नाही. तथापि १८८५ साली तो मुंबईस गेला आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागला.

तेथेही दैव आडवे आले. सुमारे दोन वर्षांनी असे ध्यानात आले, की त्याच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही. चित्रकाराला रंगांची पारख नसावी, याहून मोठे दुर्दैव ते कोणते? दुसरा एखादा तरुण खचून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्यापाशी काय नाही याचा शोक न करता काय आहे याचा विचार केला. रंग ओळखता येत नसले, तरी रेषेवर त्यांचा हात उत्तम बसला होता. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. तेथे हवी असते ती नेमकी रेषा आणि अचूक माप. ते यांत्रिक रेखनकला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली.

शाळेची वेळ संपल्यावर ते तेथील यंत्रांपाशी रेंगाळत. कोणता भाग कशासाठी आहे, तो कसा घडविला आहे, बिघडला तर कसा दुरुस्त करावा, हे हात काळे करूनच कळते, अशी त्यांची धारणा होती. परदेशातून येणारी यंत्रविषयक मासिकेही ते लक्षपूर्वक वाचीत. अशा रीतीने जे ज्ञान महाविद्यालयात मिळाले नव्हते, ते त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळविले.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी प्रथम सायकल पाहिली. दोन चाकांवर तोल सांभाळीत जाणारा स्वार पाहून लोक आश्चर्याने थबकत. लक्ष्मणरावांच्या मनात मात्र निराळाच विचार आला. ही वस्तू आपल्या भागात नेऊन विकता येईल, असे त्यांना वाटले. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे छोटेसे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. केवळ विकूनच ते थांबत नसत. गिऱ्हाइकाला सायकल चालविण्यासही शिकवीत. जी वस्तू वापरता येत नाही, ती कोणी विकत घेणार नाही, ही साधी गोष्ट या बंधूंनी ओळखली होती. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, त्याला पुढे किर्लोस्कर रोड असेच नाव पडले.

नोकरी आणि दुकान अशी दुहेरी वाटचाल काही वर्षे चालली. पुढे संस्थेत वरची जागा रिकामी झाली. लक्ष्मणरावांचा त्या जागेवर हक्क होता. परंतु ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. गुणांपेक्षा जन्माला अधिक मान देणारी ती परकी राजवट होती. लक्ष्मणरावांच्या स्वाभिमानी मनाला ही गोष्ट सहन होणे शक्य नव्हते. त्यांनी नोकरीचा त्याग केला आणि बेळगावची वाट धरली. दरमहा ठरलेला पगार सोडून अनिश्चित व्यवसायात उडी घेणे हे त्या काळी मोठे धाडस होते.

बेळगावास आल्यावर त्यांनी सभोवारच्या शेतकऱ्याच्या जीवनाकडे पाहिले. गुरांपुढे अखंड कडब्याच्या पेंढ्या टाकल्या जात. गुरे पाने खात आणि जाड धांडे तशीच तुडवीत. तोच कडबा बारीक कापून घातला, तर गुरे तो सगळा खातील आणि वैरण वाचेल, हे जाणून लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर त्यांची दृष्टी नांगराकडे वळली.

आपल्याकडील लाकडी नांगर जमीन उकरतो. परंतु माती उलथीपालथी करीत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा या तणांची मुळे खोलवर गेलेली असतात. लाकडी नांगराला ती दाद देत नाहीत. लोखंडी नांगर मात्र खोल शिरतो आणि मातीचा थर उचलून उलटा करतो. त्यामुळे तणाच्या मुळ्या वर येऊन उन्हाने वाळून जातात. असे नांगर तेव्हा विलायतेहून येत. त्यांची किंमत सामान्य शेतकऱ्याला परवडण्याजोगी नसे. तसाच नांगर येथल्या मातीत, येथल्या कारागिरांच्या हातून घडवावयाचा, असा लक्ष्मणरावांनी निश्चय केला.

नांगर तयार झाले. पण ते घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विषबाधा होते, तिचा कस जातो, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वाडवडिलांनी जे केले नाही ते आपण का करावे, असेही त्यांना वाटे. एक महिना गेला, एक हंगाम गेला, एक वर्ष गेले. नांगर दुकानात जागच्या जागी उभे होते. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली!

या दोन वर्षांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दुकानातील न खपलेला माल म्हणजे अडकून पडलेले भांडवल होय. लोखंडाचे आणि कोळशाचे पैसे आधीच देऊन झालेले असतात. कारागिरांची मजुरी वेळेवर द्यावीच लागते. विक्री मात्र शून्य. अशा वेळी पुष्कळ व्यावसायिक गिऱ्हाइकाला दोष देतात आणि दुकानाला टाळे ठोकतात. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून हिणवले नाही. ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते, तो माणूस नवी वस्तू सहजासहजी हाती धरणार नाही, हे त्यांना समजत होते. ते धीर धरून राहिले.

हळूहळू काही धाडसी शेतकऱ्यांनी नांगर नेले आणि त्यांबरोबर तक्रारीही आल्या. नांगराच्या फाळाला सतत माती व दगड यांच्याशी झुंजावे लागते. फाळाचे बीड मऊ राहिले, तर ते लवकर झिजते; आणि परदेशी फाळ तर कणखर असे. तेव्हा लक्ष्मणरावांनी भट्टीपाशी ठाण मांडले. वितळलेले बीड साच्यात ओतल्यावर ते जितके लवकर थंड होते तितके कठीण बनते. धातूंचे मिश्रण कसे असावे, साचा कसा असावा, याचे त्यांनी पुन्हापुन्हा प्रयोग केले आणि परदेशी फाळाच्या तोडीचा फाळ तयार केला. तक्रार करणारा गिऱ्हाईक हा त्यांच्या लेखी शत्रू नसून शिक्षक होता. चांगला माल हीच दुकानाची खरी जाहिरात, हे तत्त्व त्यांनी जन्मभर पाळले.

आता कोठे धंद्याला बरे दिवस येऊ लागले, तोच नवे संकट कोसळले. शहराच्या विस्तारासाठी ती जागा हवी होती, म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने त्यांना कारखाना हलविण्याचा हुकूम दिला. जमलेला कारखाना मोडून तो न्यावयाचा कोठे? जागा नाही आणि नवी इमारत उभारण्यास पैसाही नाही, अशी स्थिती झाली.

या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्यास धावून आले. ते स्वतः चित्रकार व गुणग्राही होते आणि लक्ष्मणरावांचा प्रामाणिकपणा ते जाणून होते. त्यांनी आपल्या संस्थानातील कोणतीही जागा निवडण्यास सांगितले आणि भांडवलासाठी कर्जही दिले. तारण म्हणून दाखवावी अशी मोठी इस्टेट लक्ष्मणरावांपाशी नव्हती. त्यांची सचोटी हेच त्यांचे तारण होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा सुमारे बत्तीस एकरांचा माळ पसंत केला. जमीन ओसाड होती, हे खरे. परंतु शेजारीच रेल्वे होती. लोखंड व कोळसा आणावयाचा आणि तयार माल दूरदूरच्या गावी पाठवावयाचा, तर रेल्वेवाचून गत्यंतर नव्हते. जो माळ इतरांना निरुपयोगी वाटला, त्याची ही सोय लक्ष्मणरावांनी हेरली होती.

१९१० साली पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह त्या माळावर राहावयास आले. कोणी निवडुंग तोडला, कोणी दगड फोडले, कोणी पाया खणला. मालक आणि मजूर असा भेद तेथे नव्हता. लक्ष्मणराव सर्वांबरोबर राबत. त्यांच्या पत्नी राधाबाई यांनी त्या उजाड जागी सर्वांना घराची माया दिली. रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था अंगावर घेतली. वस्ती वाढली, झाडे लागली आणि माळाचे गाव झाले. या गावात अस्पृश्यतेला थारा नव्हता.

माणसे पारखण्याची लक्ष्मणरावांची रीत अगदी निराळी होती. ते पदव्या विचारीत नसत. हातातले कसब आणि मनातली जिद्द पाहत. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर हे त्यांचे सहकारी. परीक्षेत अपयश आलेले कुलकर्णी विक्रीसाठी फिरत, कायदेशीर कामे पाहत आणि व्यवस्थाही चोख ठेवीत. शाळा अर्धवट सोडलेले फळणीकर कल्पक यंत्रज्ञ ठरले. इतकेच नव्हे, तर तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कारखान्याचे पहारेकरी नेमले. लोकांनी तोंडात बोट घातले. परंतु ज्यांच्यावर आजवर कोणी विश्वास टाकला नव्हता, ती माणसे त्या विश्वासाला पूर्णपणे जागली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येणे कमी झाले आणि देशी नांगरांना मागणी वाढली. पण लोखंडच मिळेना. मागणी आहे आणि माल करता येत नाही, ही कारखानदाराची मोठीच कुचंबणा. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्याकडील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. ज्या लोखंडाने एके काळी रणांगणावर आग ओकली, त्याचेच नांगर झाले आणि ते शेतकऱ्याच्या शिवारात धान्य पिकवू लागले.

नांगराच्या पाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा नाना प्रकारचा माल किर्लोस्करवाडीत तयार होऊ लागला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. भाऊबंदांच्या दुकानात आता पुष्कळांचा पैसा भागभांडवल म्हणून आला. त्यामुळे हिशेब चोख ठेवण्याची आणि तो भागधारकांपुढे मांडण्याची जबाबदारीही वाढली. त्याच वर्षी त्यांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची माहिती देणारे मासिक काढले. तेच पुढे 'किर्लोस्कर' या नावाने महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतून यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन १९२६ साली परतले आणि वडिलांच्या कामात सामील झाले. त्यानंतरच्या काळात हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे या घराण्याचे नवे कारखाने उभे राहिले.

उतारवयातही लक्ष्मणरावांची एक कठोर परीक्षा झाली. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. जन्मभराच्या श्रमांची राख झाल्याचे पाहून कोणाचेही काळीज फाटले असते. परंतु मोडलेला कारखाना पुन्हा उभारण्याचा धडा ती माणसे चाळीस वर्षांपूर्वीच शिकली होती. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी या जगाचा निरोप घेतला. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

रंग ओळखता येईनात, तेव्हा त्यांनी रेषा धरली. नोकरीत अन्याय झाला, तेव्हा दुकान धरले. दुकान गेले, तेव्हा माळ धरला. धंदा म्हणजे चार पैसे जोडण्याची युक्ती, असे त्यांनी कधीच मानले नाही. लोकांची गरज ओळखावी, ती भागविणारी चांगली वस्तू घडवावी, तिच्यातील उणीव प्रामाणिकपणे दूर करावी आणि बरोबरच्या माणसांवर विश्वास ठेवावा, हाच त्यांच्या लेखी धंदा होता. दोन वर्षे कोणी हात न लावलेला तो नांगर अखेर शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला, याचे रहस्य हेच आहे.