उंचीला वेगाने उत्तर देणारे रहीमसाहेब

जाकार्ताच्या सेनायन स्टेडियमवर ४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते आणि त्यांतील बहुतेक सारे भारतीय संघाच्या विरोधात होते. आशियाई क्रीडा स्पर्धेतून इस्रायल आणि तैवानला वगळल्याबद्दल गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. त्याचा राग इंडोनेशियातील लोक भारतीय खेळाडूंवर काढत होते. भारताचे राष्ट्रगीतही हुर्रेवडीत बुडून गेले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात समोर दक्षिण कोरियाचा संघ होता. याच संघाने साखळीत भारताला २-० असे हरवले होते. मैदानाच्या कडेला बसलेले भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे शरीर कर्करोगाने आतून पोखरले होते. पुढच्या नव्वद मिनिटांत त्यांच्या बारा वर्षांच्या प्रयोगाचा निकाल लागणार होता.

हा प्रयोग एका साध्या प्रश्नातून जन्माला आला होता. ज्या देशातील खेळाडू युरोपीय प्रतिस्पर्ध्यांपेक्षा बुटके आणि वजनाने हलके आहेत, त्या देशाने फुटबॉल कसा खेळावा? त्या काळचा रूढ इंग्रजी फुटबॉल उंचपुऱ्या सेंटर फॉरवर्डभोवती फिरत असे. बगलेवरून चेंडू उंच उडवायचा आणि गोलसमोर उभ्या असलेल्या धिप्पाड गड्याने तो डोक्याने जाळ्यात ढकलायचा, हे त्याचे सूत्र. भारताकडे तसा गडी नव्हता. मात्र भारताकडे चपळ पाय होते आणि चेंडूवर हुकूमत होती. या दोन गोष्टींच्या बळावर संघ उभा करायचा, असे रहीम यांनी ठरवले.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादमध्ये झाला. निजामाच्या राजवटीतील या शहरात फुटबॉलचे वेड होते. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते तेथील संघातून खेळले. पदवीनंतर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि हैदराबादच्या शाळांमधून अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यावर शाळांमधील क्रीडा उपक्रमांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्यांच्यातला मास्तर अखेरपर्यंत कायम राहिला. मुलांच्या मर्यादा ओळखून त्यांच्यासाठी पाठ बेतावेत, तसे ते खेळाडूंसाठी सराव बेतत.

१९४०च्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले. त्या अधिकाराचा त्यांनी केलेला उपयोग आजही विचार करायला लावणारा आहे. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, ज्यांत चेंडू घोळवत नेण्यास म्हणजे ड्रिबलिंगला मनाई होती. चेंडू मिळताच तो पुढे द्यावा लागे. त्यामुळे चेंडू पायाशी येण्याआधीच तो कोणाकडे द्यायचा, हे खेळाडूला ठरवावे लागे. आणखी एका प्रकारच्या स्पर्धेत केवळ कमकुवत पायानेच चेंडू मारायची अट असे. दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने खेळणारा विंगर बचावपटूला बाहेरूनही चकवू शकतो आणि आतूनही, हे त्यामागचे गणित होते. खेळाच्या नियमांत छोटे बदल करून त्यांनी एका शहराची खेळण्याची पद्धत बदलून टाकली.

१९५०मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या प्रशिक्षणाची सूत्रे त्यांच्याकडे होती. या संघाची खरी ओळख पटली ती मुंबईकरांना. कूपरेजवर रंगणाऱ्या रोव्हर्स करंडकावर हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नाव कोरले. कोलकात्याच्या मातब्बर क्लबांची मक्तेदारी मोडणारा हा संघ चेंडू जमिनीवर ठेवून, छोट्या आणि झटपट पासांनी खेळत असे. १९५०च्या ड्युरँड करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने मोहन बागानलाही नमवले.

राष्ट्रीय संघाची जबाबदारीही याच सुमारास रहीम यांच्यावर आली. १९५१मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणचा १-० असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. विजयी गोल साहू मेवालालचा होता. पुढल्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकने भारतीय फुटबॉलला जमिनीवर आणले. युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंड हवेत, ओलसर हिरवळीवर अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाडूंना बूट सक्तीचे केले.

बुटांचा निर्णय महासंघाचा होता, डावपेचांचा धडा मात्र रहीम यांनी घेतला. हेलसिंकीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या हंगेरीचा खेळ त्यांनी बारकाईने अभ्यासला. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड गोलसमोर ठाण मांडून बसत नसे. तो मागे मध्यक्षेत्रात उतरे. त्याच्यावर पाळत ठेवणारा बचावपटू संभ्रमात पडे. त्याच्यामागे पुढे गेले तर बचावाच्या मधोमध खिंडार पडते आणि जागेवर थांबले तर समोरच्याला मोकळीक मिळते. त्या खिंडारात बाजूचे आघाडीपटू घुसत. उंच सेंटर फॉरवर्ड नसणे ही उणीव न राहता तिचेच हत्यार करता येते, हे रहीम यांच्या लक्षात आले.

मात्र ही युक्ती चालण्यासाठी दोन्ही बगलांवर वेगवान विंगर असणे अनिवार्य होते. टचलाइनला चिकटून राहणारा विंगर प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंना बाहेर खेचतो आणि त्यांच्यामधले अंतर वाढवतो. त्या अंतरातून धावणाऱ्यांना वाट मिळते. गोललाइनपर्यंत मुसंडी मारल्यावर चेंडू उंच उडवायचा नाही. तो जमिनीलगत मागे वळवायचा, कारण त्या क्षणी बचावपटू स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावत असतात, तर मागून येणाऱ्या आघाडीपटूला चेंडू आणि गोल दोन्ही समोर दिसतात. अशा चेंडूवर सहा फुटी देहाचा काहीच उपयोग नसतो. तेथे कामी येतात ती वेळेवर उचललेली पावले.

ही पावले शोधण्यात रहीम यांची नजर अचूक होती. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातील तुळसीदास बलराम या गरीब घरच्या मुलाचा खेळ त्यांनी हेरला. रोज हैदराबादला सरावाला येण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. सायकल भाड्याने घेता यावी म्हणून रहीम यांनी त्याला पदरचे पैसे दिले. हाच बलराम पुढे देशाच्या डाव्या बगलेचा आधार झाला. उजव्या बगलेवर रेल्वेकडून खेळणारा प्रदीपकुमार बॅनर्जी आला. वेगाला जबरदस्त फटक्याची जोड असलेला हा विंगर स्वतःही गोल करी.

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या रचनेची पहिली मोठी कसोटी लागली. नियतीचा खेळ असा, की ज्या हंगेरीकडून रहीम शिकले होते, तिच्याशीच पहिली गाठ पडायची होती. हंगेरीने माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ४-२ असा विजय मिळवला. मूळच्या गोव्यातील आसगावच्या आणि मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेल्या नेव्हिल डिसोझाने त्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक साधणारा तो पहिला आशियाई खेळाडू. एका बाजूला बॅनर्जी, दुसऱ्या बाजूला कन्नयन आणि मधे चपळ डिसोझा, अशा आघाडीपुढे अंगापिंडाने दणकट ऑस्ट्रेलियन बचाव थिटा पडला. ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई संघ ठरला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध डिसोझाने पहिला गोल करून खळबळ उडवली, पण अखेर भारत १-४ असा हरला. कांस्यपदकाच्या लढतीतही बल्गेरियाने ३-० अशी मात केली. चार वर्षांपूर्वी दहा गोल पत्करणाऱ्या संघाने मारलेली ही मजल होती. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने हंगेरीला १-२ असे झुंजवले आणि फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. त्या दोन्ही सामन्यांतील भारताचे गोल अनुक्रमे बलराम आणि बॅनर्जी यांचे होते, म्हणजेच दोन विंगरचे.

ब्राझीलने १९५८च्या विश्वचषकात गाजवलेली ४-२-४ ही रचना भारतात रुजवण्याचे श्रेयही रहीम यांना दिले जाते. चार जणांची आघाडी, तिच्या दोन टोकांना वेगवान विंगर आणि मधे चुनी गोस्वामीसारखा कलावंत, असा संघ घेऊन ते १९६२मध्ये जाकार्ताला गेले. पहिल्याच सामन्यात कोरियाने धक्का दिला. त्यानंतर थायलंड आणि जपानला हरवून भारत उपांत्य फेरीत पोहोचला खरा, पण थायलंडविरुद्धच्या सामन्यात स्टॉपर जर्नेलसिंगच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. मागच्या फळीत येणारा प्रत्येक उंच चेंडू डोक्याने परतवणे हे स्टॉपरचे कामच असते. टाके पडलेल्या डोक्याने ते करणे धोक्याचे होते.

येथे रहीम यांनी जो निर्णय घेतला, त्यात त्यांच्या विचारांचा मोकळेपणा दिसतो. जर्नेलला संघाबाहेर बसवण्याऐवजी त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केले आणि त्याची मागची जागा अरुण घोषकडे दिली. उंच आघाडीपटूविना संघ कसा खेळवावा, याचा ध्यास बारा वर्षे घेतलेल्या माणसाने निर्णायक क्षणी संघातल्या सर्वांत धिप्पाड बचावपटूला आघाडीवर पाठवले. वरवर पाहता ही माघार होती. प्रत्यक्षात ते त्याच विचाराचे पुढचे पाऊल होते. हाताशी जी माणसे आहेत, त्यांच्यातून खेळ घडवायचा, हे त्यांचे मूळ तत्त्व होते. जर्नेलसारखा दांडगा गडी मधे उभा राहिला की दोन बचावपटू त्याच्याभोवती अडकून पडत आणि बगला मोकळ्या होत. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारताने ३-२ असा विजय मिळवला. त्यात दोन गोल गोस्वामीचे होते, तर एक जर्नेलचा.

अंतिम सामन्यात सतराव्या मिनिटाला बॅनर्जीने गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलने दुसरा नोंदवला. विरोधी गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू तेवढे भारताला प्रोत्साहन देत होते. गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत खेळलेला फॉर्च्युनॅटो फ्रँको याच संघात हाफबॅक होता. सामना संपायला पाच मिनिटे असताना कोरियाने एक गोल फेडला, पण भारताने २-१ अशी आघाडी टिकवली. एक विंगर आणि एक जखमी बचावपटू, या दोघांच्या गोलांवर भारत आशियाचा विजेता झाला.

हे सुवर्णपदक रहीम यांचे अखेरचे ठरले. सिगारेटचे व्यसन त्यांना महागात पडले. फुप्फुसाच्या कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यांना जाऊन बावीस वर्षे लोटली होती. मुलगा सय्यद शाहिद हकीम रोम ऑलिंपिकच्या संघात होता. पुढे तो आंतरराष्ट्रीय पंच झाला. १९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक जिंकले, तेव्हा प्रशिक्षकांमध्ये प्रदीपकुमार बॅनर्जी होता. म्हणजे उजव्या बगलेवरचा शिष्य काही काळ गुरूच्या जागी उभा राहिला. पण १९६०नंतर भारतीय फुटबॉल संघाला एकदाही ऑलिंपिकचे दार उघडता आले नाही, आणि १९६२नंतर आशियाई सुवर्णही मिळाले नाही.

बॅनर्जी आणि गोस्वामी २०२०मध्ये गेले, बलराम २०२३मध्ये. रहीम यांच्या जीवनावरचा हिंदी चित्रपट २०२४मध्ये पडद्यावर आला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव निदान ऐकून माहीत झाले. पडद्यावर अंतिम सामन्याचा थरार दिसतो. हैदराबादच्या मैदानांवर ड्रिबलिंगला मनाई करून मुलांना चेंडू सोडायला शिकवणारा मास्तर समजून घ्यायचा, तर त्या सामन्याच्या बरेच मागे जावे लागते. भारतीय खेळाडूंची उंची हे अपयशाचे कारण म्हणून आजही सांगितले जाते. रहीम यांनी तेच कारण हाती घेतले आणि त्यातून आशियातला सर्वोत्तम संघ घडवला. त्यांच्यामागे तो शिकवण्याचा क्रम कोणी पुढे चालवला नाही, म्हणून भारतीय फुटबॉलचे सुवर्णयुग त्यांच्याबरोबरच ओसरले.