ड्रॅगनवाली जोन

बिअर्डेड ड्रॅगन घरी आणला की पहिला प्रश्न पडतो, हा नेमका कुठल्या जातीचा? बहुतेक जण रंग बघून ठरवतात आणि तिथेच फसतात. थंडीत हा सरडा काळपट दिसतो, ऊब मिळाली की उजळतो, चिडला की दाढी काळी करतो. त्यात ब्रीडर मंडळींनी एकाच जातीतून नारिंगी, पिवळे, पांढुरके असे भलभलते रंग काढलेत. म्हणून जाणकार रंग बाजूला ठेवून खवले, काट्यांच्या रांगा, डोक्याचा आकार, तोंडाच्या आतला रंग असं सगळं बघतात. अशी नजर शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या एका मुलीकडे होती. तिचं नाव जोन प्रॉक्टर.

जोनचा जन्म १८९७ चा. दहाव्या वर्षीच तिने साप-सरडे पाळले होते. लाडका हिरवा सरडा जेवायच्या टेबलावरसुद्धा सोबत असायचा. सोळाव्या वर्षी मगरीचं पिल्लू मिळालं, तर ती ते चक्क गणिताच्या तासाला घेऊन गेली. (वर्गातल्या बाईंची काय अवस्था झाली असेल!) पण पोटाच्या दुखण्याने तिची पाठ कधी सोडली नाही. केंब्रिजला जायचं त्यामुळेच राहिलं. आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप घेतला तरी नातेवाईक सुतकी चेहरा करतात. इथे तर डिग्रीच नव्हती. तरी म्युझियममधले सरीसृपतज्ज्ञ जॉर्ज बूलेंजर यांनी १९१६ मध्ये तिला हाताखाली घेतलं.

तिथे समोर असायच्या स्पिरिटच्या बाटल्या. स्पिरिटमध्ये प्राण्याचा रंग उडतो, खवले मात्र राहतात. ते मोजायचे, ताडून बघायचे. एकाच जातीचे पिट व्हायपर आपसात किती वेगळे असू शकतात, यावर तिने १९१७ मध्ये, १९ व्या वर्षी, पहिला शोधनिबंध सादर केला. १९२० मध्ये बूलेंजर निवृत्त झाले आणि विभागाचं काम तिच्याकडे आलं. आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्येही १९२१ ला तिचा लेख आहे, इराण आणि मेसोपोटेमियातल्या सरडे-सापांवर.

१९२३ मध्ये तिने दक्षिण ऑस्ट्रेलियातून आलेल्या सरड्यांमध्ये एक नवीच जात ओळखली आणि तिला नाव दिलं अँफिबोल्युरस फिओनी. बिअर्डेड ड्रॅगनसुद्धा तेव्हा याच अँफिबोल्युरस गटात मोडायचे. त्यांचं वेगळं पोगोना हे घराणं १९८२ मध्ये झालं. फिओनीचे नर रंगीत आणि माद्या साध्या तपकिरी. त्यातही नरांचे रंग जागेनुसार बदलतात. म्हणजे पुन्हा तेच, निव्वळ रंगावरून ओळखायला गेलं तर घोळ.

त्याच वर्षी ती लंडन झूच्या सरीसृप विभागाची क्युरेटर झाली आणि बाटल्यांतून सुटून जिवंत प्राण्यांत आली. १९२७ मध्ये सुरू झालेलं रेप्टाइल हाउस तिनेच आखलं. वेगवेगळ्या पिंजऱ्यांना वेगवेगळी ऊब आणि अतिनील किरणं आत येऊ देणारी खास काच! आज ड्रॅगन पाळणारे ज्या यूव्ही दिव्यासाठी खिसा रिकामा करतात, त्यामागचा विचार तिथे आधीच झाला होता.

तिथेच दोन कोमोडो ड्रॅगन आले. त्यांची ख्याती माणूस खाणारे राक्षस अशी. त्यातल्या सुंबावाला जोनने इतका माणसाळवला की १९२८ च्या शास्त्रीय सभेत ती त्याला थोपटत होती आणि तो तिच्या हातून खात होता. पुढे दुखणं वाढलं, चालवेना. मग ती विजेवरच्या व्हीलचेअरवरून झूमध्ये फेरी मारायची आणि सुंबावा पुढे चालायचा. लोक नक्की कोणाकडे बघत असतील कोण जाणे.

१९३१ च्या सप्टेंबरमध्ये ती गेली, वय फक्त ३४.

फिओनीचा गट नंतर बदलला. आता तो टेनोफोरस फिओनी. गट बदलला की मूळ नाव देणाऱ्याचं नाव कंसात टाकायचं असा प्राणिशास्त्रात नियम आहे. त्यामुळे या सरड्याच्या पुढे आजही लिहितात: (प्रॉक्टर, १९२३).