हेतू उघड सांगून शिकविणारा शिक्षक

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात कचारगडची विस्तीर्ण गुहा आहे. दरवर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास दूरदूरच्या प्रांतांतून आलेला गोंड समाज येथे जमतो. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून तिच्या तोंडावर शिळा लोटली आणि लिंगोने त्यांची सुटका केली, ही कथा त्या समाजाच्या श्रद्धेचा गाभा आहे. परधानांच्या मुखी असलेले लिंगोचे हे गीत १८६६ साली छापून निघाले. ते संग्रहित करणारा मनुष्य गोंड नव्हता, लोककथांचा व्यावसायिक अभ्यासकही नव्हता. तो नागपुरात शाळा चालविणारा स्कॉटिश मिशनरी होता. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप. गोंडांची श्रद्धा बदलावी या इच्छेने आलेल्या माणसाने तीच श्रद्धा इतक्या काळजीने नोंदवून ठेवावी, यातील विसंगती त्याच्या शिक्षणविचाराच्या मुळाशी नेते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहान गावी झाला. एडिंबरो आणि ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. त्या काळच्या स्कॉटिश विद्यापीठांत धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या तरुणालाही आधी लॅटिन, ग्रीक, गणित, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि सृष्टिविज्ञान हा सारा क्रम पुरा करावा लागे. ईश्वराने दोन ग्रंथ दिले, एक बायबल व दुसरा सृष्टी, आणि दोन्हींचा कर्ता एकच असल्याने त्यांत खरा विरोध असूच शकत नाही, अशी या परंपरेची धारणा होती. पुढे त्यांना गुरू लाभले ते थॉमस चाल्मर्स. खगोलशास्त्र आणि धर्म यांचा मेळ घालणारी या विद्वानाची व्याख्याने त्या काळी गाजली होती. विद्यार्थ्याच्या बुद्धीला शिस्त लागावी, त्या शिस्तीतून शील घडावे आणि त्या शीलाचा शेवट श्रद्धेत व्हावा, ही या शिक्षणाची तीन पावले होती. तिसरे पाऊल सोडून पहिली दोन टाकता येतील, हे त्या परंपरेला मान्य नव्हते.

१८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. हिस्लॉप नव्या फ्री चर्चच्या बाजूने गेले आणि त्याच चर्चतर्फे १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरले. १८४५ च्या प्रारंभी ते नागपुरास पोहोचले. या मिशनची मूळ कल्पना गोंडांमध्ये काम करण्याची होती. परंतु मराठी मुलुखाच्या मध्यवर्ती शहरात पाय रोवल्याखेरीज हे काम तग धरणार नाही, असे हिस्लॉप यांचे मत पडले. १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा काढली. अलेक्झांडर डफ यांनी १८३० साली कलकत्त्यात आणि जॉन विल्सन यांनी त्यानंतर लवकरच मुंबईत जो मार्ग घालून दिला होता, तोच हिस्लॉप यांनी येथे अनुसरला. वरच्या दर्जाचे इंग्रजी शिक्षण द्यावयाचे आणि त्याच्या केंद्रस्थानी बायबल ठेवावयाचे, असा तो मार्ग होता.

नागपूर तेव्हा भोसल्यांच्या राज्याची राजधानी होती. पंतोजींच्या शाळेत मोडी, पाढे व हिशेब शिकलेल्या मुलाला या शाळेत भूगोल, गणित, इंग्रजी आणि नवी विज्ञाने भेटली. पाठांतराच्या जागी प्रश्न विचारण्याची पद्धत आली. पालक मुलांना पाठवीत ते इंग्रजीसाठी व त्या इंग्रजीने मिळणाऱ्या नोकरीसाठी. हिस्लॉप शिकवीत ते मनुष्य घडविण्यासाठी व शेवटी ख्रिस्ताकडे नेण्यासाठी. दोन्ही पक्षांना परस्परांचा हेतू ठाऊक होता आणि तरीही वर्ग भरत होते.

हा समझोता वारंवार मोडला. एका ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याची इच्छा प्रकट केली तेव्हा ते प्रकरण दरबार आणि रेसिडेन्सीपर्यंत गेले आणि शहरात खळबळ उडाली. पालकांचा क्षोभ अनाठायी नव्हता. घर, जात आणि कुळाचार यांतून मुलगा तुटणे म्हणजे काय, हे त्या काळच्या कुटुंबालाच ठाऊक. शिक्षकाला विद्यार्थ्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचण्याचा अधिकार किती, हा प्रश्न तेथे प्रत्यक्ष घराच्या उंबरठ्यावर उभा राहिला. हिस्लॉप यांनी त्यापासून सुटण्यासाठी आपला हेतू लपविला नाही किंवा बायबलचा तास अभ्यासक्रमातून वगळला नाही. त्यांच्या दृष्टीने तो प्रामाणिकपणाचा भाग होता. पालकांच्या दृष्टीने तेच संकट होते.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. शिक्षणविषयक वुडचा खलिताही १८५४ चाच. सरकारी शाळांत धर्मशिक्षण नको, मात्र खाजगी शाळांना अनुदान द्यावे, हे धोरण त्याने रूढ केले. १८५७ साली हिस्लॉप यांनी नागपुरातील इंग्रज अधिकाऱ्यांना संभाव्य उठावाची सूचना दिली, हेही नमूद केले पाहिजे. ते राज्यकर्त्यांच्या बाजूचे होते. त्यांच्या शाळेला लाभलेले संरक्षण आणि तिच्याविषयी लोकांना वाटणारा संशय या दोहोंचे मूळ एकच होते.

त्यांची दुसरी शाळा उघड्या माळावर भरे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील खडक पिंजून काढले. काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे अवशेष त्यांना सापडले. लाव्हारसाच्या दोन लोटांमधल्या काळात येथे तळी होती, हे त्यावरून दिसून आले. १८५५ साली त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव मिळाले. या थरांचे त्यांनी ठरविलेले वय पुढील संशोधनाने मागे ढकलले. आज त्यांचा संबंध सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळाशी जोडला जातो. निष्कर्ष बदलला, तरी ज्या काटेकोरपणे थर मोजले आणि जीवाश्म गोळा केले, तो काटेकोरपणा टिकून राहिला.

तोच काटेकोरपणा त्यांनी गोंडांच्या बाबतीत पाळला. शब्द, चालीरीती, देवतांची नावे आणि लिंगोचे गीत हे सारे त्यांनी जमविले. त्या गीतात काचीकोपा लोहगड हे स्थान येते. गोंड समाज आज ते कचारगडात पाहतो. समोरचे सत्य आपल्याला रुचो वा न रुचो, ते आधी नीट पाहावे आणि नोंदवावे, ही त्यांच्या शिक्षणाची पहिली शिस्त होती. मिशनऱ्याच्या अंतिम हेतूहून ती येथे बलवत्तर ठरली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी, वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले असताना, त्यांचा अंत झाला. टाकळघाट परिसरातील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. अपुरी राहिलेली टिपणे मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापली. १८८३ साली मिशनने नागपुरात महाविद्यालय सुरू केले, त्याला हिस्लॉप यांचे नाव मिळाले. त्याच्या थोडे आधी, १८८० ते १८८२ या काळात, नागपूरहून गोंदियामार्गे राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग तयार झाला होता. वैनगंगेच्या पूर्वेकडील मुलांना उच्च शिक्षणासाठी नागपूर जवळ आले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले १ मे १९९९ रोजी.

हिस्लॉप यांच्या शिक्षणाचे माप त्यांच्याच कसोटीने घेतले तर यश तोकडे दिसते. जे शिकून गेले त्यांतील फार थोडे ख्रिस्ती झाले. पुष्कळांनी इंग्रजी घेतली आणि आपला धर्म राखला. कारकुनी मिळाली की विद्या फळाला आली, असे मानणाऱ्या समाजात मनुष्य घडविण्याची भाषा तेव्हाही थोड्यांनाच कळली. परंतु विद्यार्थ्याचे काय व्हावे हे आधी ठरवून, उघड सांगून शिकविणाऱ्या शिक्षकाशी निदान वाद घालता येतो, त्याला नकार देता येतो. नागपूरच्या पालकांनी तो दिला, आणि तो त्यांचा अधिकार होता. ज्या शाळेला परीक्षेपलीकडे हेतूच नाही, तिच्याशी वाद कशावर घालावा? धर्मशिक्षणाचा आग्रह आज सर्वांना मान्य होणार नाही, होऊही नये. मात्र आपल्या हाताखालून गेलेला विद्यार्थी कसा माणूस व्हावा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शिक्षकापाशी असले पाहिजे आणि ते उघड्यावर मांडण्याचे धैर्यही असले पाहिजे. हिस्लॉप यांचे उत्तर नाकारणाऱ्यालाही त्या प्रश्नापासून सुटका नाही.