सांगावे कसे, हे सांगणारा माणूस

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, रामनवमीला या गावात सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. पुढे जग त्याला समर्थ रामदास म्हणू लागले आणि गाव जांब समर्थ झाले. समर्थांवर आमच्याकडे इतके लिहिले गेले आहे की, नव्याने लेखणी उचलताना संकोच वाटतो. भक्त, संघटक, बलोपासक ही त्यांची रूपे सर्वांना पाठ आहेत. मला आज एका निराळ्याच रामदासांविषयी लिहायचे आहे. शब्दांनी आकृती कशी सांगावी, हे ज्याला पुरते कळले होते, त्या माणसाविषयी.

निमित्त आजचेच आहे. एआय नावाच्या यंत्रबुद्धीला हल्ली साध्या वाक्यांत वर्णन द्यावे आणि तिने आकृती काढून द्यावी, असे सुरू झाले आहे. पाण्याची टाकी इथे, पंप तिथे, मधल्या नळाला झडप, असे लिहिले की क्षणात नकाशा पडद्यावर. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांना लागणारे नकाशे पूर्वी ड्राफ्ट्समन शाईने काढत, मग संगणकावर निघू लागले. आता नुसते सांगितले की निघतात. मग माणसाकडे उरले काय? तर सांगणे. आणि सांगणे हे सोपे काम नाही, हे जांबच्या नारायणाइतके क्वचितच कोणी ओळखले असेल.

बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून तो निघून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप आणि पुढे बारा वर्षे देशाटन, असा परंपरेने दिलेला हिशेब आहे. या टाकळीच्या काळातली एक गोष्ट मात्र थोडी मागे पडते. तिथे त्यांनी वाल्मीकी रामायण स्वतःच्या हाताने लिहून काढले, असे संप्रदाय मानतो. त्यांच्या हातची म्हणून मानली जाणारी ती पोथी धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहे. चोवीस हजार श्लोकांचा ग्रंथ नकलून काढायचा म्हणजे बोटांना घट्टे पडणार, शाई फिकी-गडद होणार, ओळ खाली घसरणार. ज्याने हे सोसले, त्यालाच पुढे दुसऱ्याला सांगता येते.

ते सांगणे दासबोधात आले आहे. वीस दशक, दोनशे समास आणि ७७५१ ओव्यांच्या या ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात हा समास म्हणजे चक्क कामाचे तपशीलपत्रक आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. काना, मात्रा, वेलांटी स्वच्छ असावी. पहिल्या अक्षराची ठेवण ग्रंथाच्या अखेरच्या अक्षरापर्यंत तशीच राहावी, जणू सारे एकाच टाकाने लिहिले. पान आधी रेघांनी आखून घ्यावे. दोन ओळींतले अंतर कमी-जास्त होऊ नये, वरच्या ओळीचे अक्षर खालच्या ओळीला अडकू नये. भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद कडेने झिजला तरी मजकूर जात नाही. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी आपल्याच उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम लिहावे. कागद, टाक, चाकू, कात्री, शाई, मेणकापड, पेटी, कुलूप, काहीही सुटलेले नाही.

आणि त्यातच एक अपेक्षा आहे, ती मला सर्वांत मोलाची वाटते. लिहिलेले असे असावे की, वाचणाऱ्याला चूक सापडू नये आणि खुलासा विचारायला लेखकापर्यंत जाण्याची गरज पडू नये. आकृतीचे वर्णन लिहिणाऱ्याला याहून चांगली कसोटी नाही. आपण जे सांगत नाही, ते यंत्र आपल्या सवयीने भरते. झडप नळाच्या कोणत्या बाजूला हे लिहिले नाही, तर ते विचारायला थांबेलच असे नाही. बहुधा ते कुठेतरी बसवून देते आणि चित्र मात्र नेटके दिसते. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझी वर्षे गेली. अर्जात शेडचे माप एक आणि जोडलेल्या नकाशात दुसरे, असे कागद पुष्कळ पाहिले. नकाशा जितका सुबक, तितकी नजर त्याच्यावरून घसरते.

शब्दांत मावत नाही असेही काही असते, हेही समर्थांच्या चरित्रात दिसते. कृष्णाकाठी आल्यावर १६४४ नंतरच्या काळात त्यांनी शहापूर, मसूर, चाफळ, उंब्रज, शिराळा अशा ठिकाणी मारुती स्थापले. अकरा मारुती म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यांचे भीमरूपी स्तोत्र मूर्तिकाराच्या दृष्टीने वाचून पाहावे. माथ्यावर वळलेले पुच्छ, मुकुट, कुंडले, कासोटी, घंटा असे सारे क्रमाने येते. पण देह पर्वतासारखा आणि त्याच वेळी सडपातळही आहे. पुढे तो अणूपासून ब्रह्मांडाएवढा होतो. याचे माप कोण काढणार? प्रत्यक्षात शहापूरचा चुन्याचा मारुती एका तऱ्हेचा, चाफळचा दुसऱ्या तऱ्हेचा. भक्ताच्या डोळ्यांपुढे वर्णन एक असले, तरी हात आणि माध्यम बदलले की रूप बदलते. स्तोत्राला हे शोभते. पंपाच्या नकाशाला शोभत नाही. तिथे एका वर्णनातून एकच आकृती निघाली पाहिजे.

म्हणूनच जाणकार आज यंत्राकडून थेट चित्र मागत नाहीत. थेट चित्रात बाण भलतीकडे जातात, देवनागरी जोडाक्षरे तर अनेकदा मोडतात. ते यंत्राकडून आधी आकृतीची संहिता लिहून घेतात. कोणता चौकोन कोणत्या चौकोनाला जोडायचा, ते ओळीओळीने लिहिलेले असते. मग मर्मेड किंवा ग्राफव्हिझसारखी साधने त्यावरून चित्र काढतात. फायदा असा की, ओळ वाचता येते आणि चुकली तर तेवढीच दुरुस्त करता येते.

शिवथरच्या घळीत नेमके हेच घडले, असे म्हणण्याचा मोह होतो. समर्थ सांगत आणि कल्याण लिहीत, अशी परंपरा आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. परंड्याजवळच्या डोमगावच्या मठातली दासबोधाची प्रत कल्याणस्वामींच्या हातची आणि समर्थांनी स्वतः तपासलेली मानली जाते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या आधारे ग्रंथ छापला. कल्याणासारखा लेखनिक लाभला, तरी सांगणाऱ्याने तपासणी सोडली नाही. तो विश्वासाचा अभाव नव्हता, ग्रंथाची जबाबदारी होती.

१६७६ पासून समर्थ सज्जनगडावर राहिले. गडावरच्या राममूर्ती तंजावरच्या एका दृष्टिहीन कारागिराने घडवल्या, असे संप्रदाय सांगतो. त्या मूर्ती गडावर पोहोचल्या तेव्हा समर्थांचे अखेरचे दिवस होते. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, १६८२ साली, त्यांनी देह ठेवला. डोळ्यांनी न पाहता, सांगण्यावरून आणि बोटांच्या जाणिवेवरून रूप साकारणारा तो कारागीर मला राहूनराहून आठवतो. आजच्या यंत्रालाही डोळ्यांपुढे पंप नसतो. त्याच्याकडे आपले शब्द असतात आणि पूर्वी पाहिलेल्या लाखो चित्रांची सवय असते. बोटे मात्र नसतात. दगड कुठे ठिसूळ आहे, हे त्याला कळत नाही.

तेव्हा अभियांत्रिकीच्या मुलांनी आता हाताने रेघ मारायला शिकू नये, असे कोणी म्हणाले तर मी त्याला टाकळीची ती पोथी दाखवीन. जो स्वतः लिहून थकला, त्यानेच लेखनक्रियेचा समास रचला. ज्याने एकदाही आकृती हाताने काढली नाही, त्याला यंत्राने काढलेल्या आकृतीत काय राहून गेले ते दिसणार कसे? यंत्र आकृती खुशाल काढो. पण झडप चुकीच्या बाजूला बसली आणि कारखान्यात कोणाचा हात भाजला, तर जाब यंत्राला विचारता येत नाही. नकाशाखाली ज्याची सही आहे, त्यालाच तो द्यावा लागतो.